न विकायच्या नऊ खुर्च्या

सोमवार, ३ ऑक्टोबर

आले एकदाची एल्डर बेंडला, आयोवातल्या या छोट्या गावात! ट्रकमधून चार खुर्च्या, एक टेबल, पलंग आणि अकरा खोकी उतरली. बासष्ट वर्षांचं आयुष्य एवढ्यात मावलं याचं वाईट वाटायला हवं होतं, पण मला हसूच आलं. जागा झकास आहे. मेन स्ट्रीटवर, बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाच्या वर, खिडक्या पुरुषभर उंच. समोरच लाल विटांचं ऑपेरा हाउस, म्हणजे गावाचं जुनं नाट्यगृह, माथ्यावर दगडात कोरलेलं १८८९. उद्यापासून तिथली तिकीटखिडकी माझी.

ऑपेरा हाउसच्या मंडळाचे अध्यक्ष ड्वाइट केसेनिक स्वतः टेबल चढवायला आले. जिना चढताना त्यांनी रस्त्यावरच्या एकेका इमारतीची जन्मकथा सांगितली: कोणी बांधली, कोणत्या आगीत जळली, कोणत्या पुरात बुडली. त्यांना दम लागला, पण इमारती काही संपेनात.

फिनिक्सहून कॅरीचा फोन आला. लेकीचं म्हणणं, आई, त्या गावात तू ओळखतेस कोणाला? मी म्हटलं, तिकडे डेमॉइन शहरात सगळ्यांना ओळखत होते, तरी जेवत एकटीच होते. असं बोलायला नको होतं.

बुधवार, १२ ऑक्टोबर

लोकांना जागा दाखवणाऱ्या स्वयंसेवकांची मुख्य म्हणजे आर्लिन हुस्का. वय एक्याऐंशी, पाठ अजून ताठ, केस दर शुक्रवारी सेट केलेले. तिने मला खुर्च्यांचा जुना पुठ्ठ्याचा नकाशा दिला. डावीकडे पाचव्या रांगेत नऊ जागांवर पेन्सिलीच्या फुल्या आहेत. "तेवढ्या नाही विकायच्या हं, बाळा," म्हणाली. मला बाळा म्हणणारं या जगात कोणी उरलं असेल असं वाटलं नव्हतं.

कारण विचारलं तर म्हणे, घरचीच माणसं आहेत ती. खोदून विचारल्यावर कळलं की त्या नऊ जणांतला शेवटचा माणूस १९७४ साली गेला. ही मंडळी दर रविवारी दोनच्या खेळाला यायची. जागा सोडल्याचं त्यांच्या घरच्यांनी कधी कळवलं नाही, म्हणून जागा त्यांच्याच. या खुर्च्या स्प्रिंगच्या, माणूस उठला की बैठक खटकन वर जाते. आर्लिन प्रत्येक खेळाआधी त्या नऊ बैठका खाली दाबते, वर कार्यक्रमपत्रिका ठेवते आणि त्या म्हणे खालीच राहतात. चर्चमध्येसुद्धा गेलेल्या माणसाच्या बाकावर लगेच कोणी बसत नाही, ते मी समजू शकते. पण सदतीस वर्षं म्हणजे अतीच झालं.

रविवार, ३० ऑक्टोबर

पहिला खेळ पार पडला. गावातल्या दंतवैद्याने राजाचं काम केलं, शाळेच्या बसवाल्याने खलनायकाचं, आणि लोकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलं. मी मागे दाराशी उभी राहून पाहिलं. खेळ संपल्यावर सगळे घोळक्याने ॲपल पाय खायला कॅफेत गेले. मला पाहून प्रत्येकाने हात हलवला, छान हसले. चल म्हणून कोणी म्हटलं नाही.

या गावात कोणी वाईट वागत नाही. अनोळखी माणसाच्या दारातला बर्फ काढून देतील, पण त्याला स्वतःच्या टेबलाशी बसवायला वीस वर्षं लावतील. मला हे ठाऊक आहे, मीही इथलीच, आयोवाची. तरी घरी येऊन सूप गरम करताना रडू आलं.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

नाताळचा खेळ तुडुंब! वृद्धाश्रमाची एक बस येतेय, त्यांना सलग नऊ जागा हव्या होत्या. सलग नऊ फक्त पाचव्या रांगेतच होत्या. विकल्या. ड्वाइट खूश, म्हणाले, मार्लिस, तुम्ही तर या इमारतीत जीव ओतलात. कौतुकाने मी फुगून गेले.

आर्लिनला सांगितलं. तिने नकाशाकडे पाहिलं, लिंबाच्या वड्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "बरं. वेगळंच काहीतरी केलंस हं." यापेक्षा कडक शब्द तिच्या तोंडून येणार नाही, हे मला कळत होतं. तरी मी वडी खाल्ली आणि विषय तिथेच सोडला.

रविवार, ११ डिसेंबर

बसमधल्या नऊही बायका मध्यंतरातच उठल्या. एक म्हणाली, मांडीवर गारठा बसलाय. दुसरीने विचारलं, मागचे गृहस्थ सारखं "माफ करा, माफ करा" का म्हणताहेत? मागे एक शाळकरी मुलगी बसली होती.

यानंतर ऑपेरा हाउस एप्रिलपर्यंत बंद. इमारत गरम ठेवणारा बॉयलर बदलायचा आहे. पाच वाजता घरी आले तर स्वयंपाकघरातली एक खुर्ची टेबलापासून ओढलेली. मी खुर्च्या नेहमी आत सरकवून जाते. बसले तर बैठक उबदार लागली.

शुक्रवार, १६ डिसेंबर

आता चारही खुर्च्या ओढलेल्या असतात. आत सरकवून अंघोळीला जाते, येते तर पुन्हा बाहेर. भीती वाटते. पण खोटं कशाला लिहू, काल संध्याकाळी कोबी चिरताना मी मागे न बघता हवामानाबद्दल बोलत होते. बरं वाटलं.

दुपारी आर्लिन ओव्हनमध्ये भाजलेल्या कॅसरोलचा भला मोठा ट्रे घेऊन आली. मी म्हटलं, मला एकटीला एवढं? ती माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "एकटी कुठेस गं?" मग तिने चर्चमधल्या पाच घडीच्या खुर्च्या वर पाठवल्या. लागतील, म्हणे.

शनिवार, २४ डिसेंबर

दुपारच्या प्रार्थनेला गेले. चर्च खच्चून भरलेलं, माझ्या बाकावर मात्र मी एकटी. एक कुटुंब बसायला आलं, तर दारावरच्या माणसाने हळूच त्यांना दुसरीकडे वळवलं. म्हणाला, मार्लिसकडची मंडळी आहेत तिथे.

गाणी सुरू झाल्यावर माझ्या उजवीकडून कोणीतरी खालच्या सुरात साथ दिली.

मंगळवार, ३ जानेवारी

खुर्च्या आता टेबलाशी नसतात. दोन रांगा करून असतात, चार पुढे, पाच मागे. तोंडं माझ्याकडे. मी झोपायच्या खोलीत गेले की त्या दाराकडे वळलेल्या. भांडी घासायला उभी राहिले की मोरीकडे.

कॅरीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, आई, तुझ्यामागे कोण खोकतंय? मी म्हटलं, टीव्ही. टीव्ही बंद होता.

रविवार, ८ जानेवारी

आर्लिनसोबत ऑपेरा हाउसमध्ये गेले. आत कडाक्याची थंडी. नऊ बैठका मी स्वतः खाली दाबल्या, पत्रिका ठेवल्या, मोठ्याने माफी मागितली. हात जोडून विनवलं, परत या.

खट. खट. एकेक बैठक वर गेली. पत्रिका जमिनीवर पडल्या.

आर्लिन म्हणाली, रिकाम्या रंगमंचासमोर कोण बसेल गं? मी विचारलं, मग जागा विकल्या तर ते माझ्याकडे येतील हे आधी का नाही सांगितलंस मला? ती अगदी ओशाळली. म्हणाली, "तू नवी होतीस. कसं तोंडावर बोलायचं?"

रविवार, १५ जानेवारी

बॅग भरली. फिनिक्सला जायचं, आत्ताच. गाडीत बसले. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला. मागच्या तिन्ही सीटचे पट्टे लावलेले. मागच्या काचेवर आतून वाफ.

त्यांना घेऊन कॅरीकडे? तिथे लहान नातू आहे.

परत वर आले.

शुक्रवार, २० जानेवारी

कॅरी म्हणते, मीच येते. पाच तारखेचं विमान. मी नको म्हटलं. ओरडले. तिला वाटलं मला ती नकोय. तसं वाटू दे.

फोन ठेवला तेव्हा नऊही खुर्च्या एक पाऊल पुढे आलेल्या. पहिल्यांदाच. तिचं बोलणं त्यांना आवडतं.

मंगळवार, २४ जानेवारी

फोनची तार कापली. मोबाइल नदीत टाकला. खाली कोणाला सांगावं तर — सगळे हसतात, हात हलवतात. ड्वाइट म्हणाले, घर भरलेलं असलं की बरं असतं, नाही?

आज पुसटसं दिसलं. हॅट. मांडीवर हातमोजे.

रविवार, २९ जानेवारी

दोन वाजले. बाहेर बर्फावर लख्ख ऊन. आतला उजेड मात्र कमी होतोय. पडदे उघडे आहेत, तरी —

कागदांची सळसळ थांबली. सगळे सावरून बसले. माझ्याकडे बघताहेत. आयुष्यात इतकं लक्ष देऊन माझ्याकडे कोणी —

गाता येत नाही मला. नक्कल येत नाही. म्हणून ही वही वाचून दाखवली, पहिल्या पानापासून. लिंबाच्या वडीला हसले. चर्चपाशी एकीने डोळे पुसले.

आता वही इथवर आली. जे लिहिते तेच मोठ्याने वाचते. थांबले की खुर्च्या सरकतात.

वडिलांचं शेत सांगितलं. लग्न सांगितलं, मोडलं तेही. डेमॉइनचं ऑफिस, तीस वर्षं. अजून काय — काही उरलं नाही माझ्याकडे —

पुढच्या रांगेतली बाई वाकून विचारतेय, अगदी गोड आवाजात. मुलगी कुठे असते म्हणून. रस्त्याचं नाव काय म्हणून.

वर कुठेतरी शहराचं नाव वाचून गेले मी. तेवढं पुरे त्यांना? नाही पुरणार. रस्ता नाही सांगणार. घर नाही सांगणार.

सरकताहेत. गुडघ्याला गुडघे लागले.

बसा. मी आहे ना अजून. सहा वर्षांची असताना विहिरीत वाकून पाहिलं होतं, ते सांगायचं राहिलं. ऐका. पाणी खूप खाली होतं, आणि मी हाक मारली, आणि खालून —