हातांचा घाम आणि आखाजीचे मांडे

१२ एप्रिल, जळगाव
पेपर तपासताना दोन्ही हातांत रुमाल. तरी सहावीच्या एका मुलाच्या उत्तरावर शाई पसरली. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. म्हणाल्या, हायपरहायड्रोसिस. घरात इतकी वर्षं ‘हिचे हात गळतात’ एवढंच होतं, आज नाव मिळालं. ट्यूब दिली, झोपताना कोरड्या तळव्यांना लावायची. आखाजी, आमची खानदेशी अक्षय्य तृतीया, जवळ आली म्हणून गेले, दुसरं काय. यंदा सासरी असोद्याला मांडे भाजायला खापरावर मी बसणार.

१३ एप्रिल
शब्द शोधला. संस्कृतची बाई, राहवतंय कुठे. मूळ ग्रीक. हायपर म्हणजे अति, हिद्रोस म्हणजे घाम, शेवटचं ओसिस म्हणजे तशी अवस्था. आणि हिद्रोस नि आपला स्वेद एकाच मुळातले. परकं वाटलेलं घरचंच निघालं. ह्यांना कौतुकाने सांगायला गेले, तर म्हणे वैशूला विचार, मांडे करताना ती हाताला पिठी किती लावते. वैशू म्हणजे माझी धाकटी जाऊ, माहेर धुळ्याचं. जिकडे तिकडे वैशूच. अंगाची लाही लाही झाली.

२१ एप्रिल
खडू ओला होत नाही आता. गेल्या आखाजीला हातावर वाढवताना मांडा माझ्या तळव्याला चिकटला, फाटला, पुरण खाली. सासूबाई, म्हणजे अक्का, सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘वैशूले बसू दे.’ तेव्हापासून खापर तिचं. तिचा मांडा कोपरापर्यंत पसरतो, फाटत नाही. मला बघवत नाही. इथे तरी खरं लिहिते, बघवत नाही.

आखाजी, असोदा
बसले. पहिला जरा जाड, पुढचे छान. अक्का काही बोलल्या नाहीत, म्हणजे जमले. वैशू बाजूला पुरण भरत होती. नंतर मागच्या दारी आली, तळवे पदराला पुसत.
‘ताई, मना बी हात गयतस. मी पिठी जास्त लावस, कोनले समजत नही. तुमी काय लावतस?’
हिचेसुद्धा. माझं म्हणून एक काहीतरी मिळालं होतं, तेही.
शब्द सांगितला. अति, घाम, ग्रीक, स्वेद, सगळं. मान हलवत ऐकत होती बिचारी. ट्यूबचं नाही बोलले.

दुसरा दिवस
निघताना बसपर्यंत सोडायला आली. पुढच्या महिन्यात धुळ्याला तिच्या भावाचं लग्न, मांडे तिच्याकडे. ‘तुमी या ताई. मना जवय बठा.’ म्हणजे खापराशी, तिच्याजवळ. पिशवी तिनेच वर चढवून दिली. ट्यूब त्याच पिशवीत होती. अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे.