रोझच्या बोटांतली गाठ

१४ सप्टेंबर १९८५, शनिवार. लोवेल

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे! सहा महिने या गल्लीत राहतेय. बंद पडलेल्या गिरण्या, कामगारांची जुनी लाकडी घरं, आणि बोलायला कुणी नाही. रोज वाटायचं, या परक्या देशात कुठे येऊन पडले मी!

आज मागच्या अंगणात वाळत घालताना सोलापूरची चादर खिळ्याला अडकली आणि धागा तुटला. शेजारची म्हातारी रोझ कुंपणापाशी आली, दोन्ही टोकं बोटांत धरली आणि एका हाताने अशी गाठ मारली की... अगं, ती बाबांची गाठ! सोलापूरच्या गिरणीत, विणाई खात्यात, तुटलेला धागा ते असाच जोडायचे.

"समोरच्या गिरणीत तीस वर्षं माग चालवला मी," रोझ म्हणाली.

तीच गाठ. इथे कशी? पण का नसावी?

मग बाबांनी शिकवलेली गाठ मीही मारून दाखवली. तिने ओढून पाहिली. "पक्की आहे. पण इतकी हळू? मुकादमाने घरी बसवलं असतं तुला!"

बाबा अगदी हेच म्हणायचे! हसता हसता रडलेच मी.

आत्ता त्यांना पत्र लिहायला घेतलंय. पहिलंच वाक्य: बाबा, तुमच्या खात्यातली एक बाई माझ्या शेजारी राहते.