कारण न सांगता संपलेला भाग

आई,

तू गेलीस त्याला अकरा वर्षं होतील. मी अजून तेच काम करते, टीव्हीसाठी गुन्ह्यांच्या गोष्टी लिहिते. काल पुन्हा तोच वाद झाला. आमची नवी दिग्दर्शक म्हणाली, "ताई, खून का झाला ते सांगायचंच नाही. प्रेक्षकाला तसंच सोडायचं." चॅनेलचा माणूस म्हणाला, "लोक चिडतील. शेवट कितीही वाईट असू दे, पण त्याला काहीतरी अर्थ पाहिजे." दोघं माझ्याकडे बघत होते आणि मला लालबागची आपली खोली दिसत होती.

रविवारची दुपार आहे. तू मसाल्याच्या कांडपावरून आली आहेस. मिरच्यांची देठं खुडून बोटं भगभगतायत, म्हणून हातांना खोबरेल चोळत टीव्हीसमोर बसली आहेस. मी लिहिलेला पहिला भाग लागलाय. माझगावच्या गोदीतला एक कामगार भरदिवसा गोदामामागे मेलेला सापडतो. कोणी मारलं, का मारलं, शेवटपर्यंत कळत नाही. फाईल बंद होते, नावं सरकायला लागतात. तो मामा होता. तुला न विचारता मी तुझ्या भावाचं मरण उचललं होतं, फक्त वय आणि शर्टाचा रंग बदलला होता.

तू हात चोळायची थांबलीस. मग म्हणालीस, "संपला? ह्या तर माका ठाऊक होता गो."

"आई, खऱ्या आयुष्यात असंच असतं. प्रत्येक गोष्टीला कारण नसतं."

"खरा काय ता माका नको शिकवू." माझ्या लिखाणावरून तू पहिल्यांदाच आवाज चढवलास. "कारण नाय गावला तर नाय. पण तुझ्या गोष्टीत त्याच्यासाठी एक माणूस दारोदार फिरला नाही. मी फिरले. चार वर्षं फिरले. ता खंय आसा?"

ते कुठे आहे, असं तू विचारत होतीस, आणि मला ते आठवत नव्हतं असं नाही. लहानपणी कितीदा तरी तुझा पदर धरून मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसले होते. तू दर वेळी तेच, तितक्याच हळू आवाजात विचारायचीस, आणि साहेब वर न बघता मान हलवायचे. गोष्टीचा वेग मंदावतो म्हणून मी ते सगळं गाळलं होतं.

काही दिवसांनी भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "लिखाणासाठी तू पोलिसांना भेटतेस ना? एकदा विचार. कोणी मारलं ते नको, त्याचे कागद अजून आहेत का एवढंच." मी हो म्हटलं. महिन्याभराने पुन्हा विचारलंस तेव्हा मी घाईत होते, चपला घालत होते. "विचारलं गं. इतके जुने कागद ठेवत नाहीत म्हणाले." तू माझ्याकडे बघितलंस. "विचारलंस ना? बास." संध्याकाळी गॅलरीत शेजारणींना सांगत होतीस, माझ्या मुलीने जाऊन विचारलं. त्यानंतर माझा कुठलाही भाग कसाही संपला तरी तू कधी तक्रार केली नाहीस.

काल मी त्या दोघांना म्हटलं, कारण देऊ नका, पण शेवटी मेलेल्याची बहीण ठाण्यात जाऊन बसू दे. ती भावाचे कागद मागू दे, साहेब नाही म्हणू देत. ती पुन्हा येऊ दे. शेवट ठरला. निघताना दिग्दर्शक म्हणाली, "ताई, समोरचा पोलीस कागद न शोधताच 'नाहीत' म्हणतो. हे तिला कळत असेल?"

आई, तुला कळलं होतं का? मी कोणालाच विचारलं नव्हतं. त्या ठाण्याची पायरीही चढले नव्हते. आज दुपारी विचारायचंच म्हणून माझगावच्या बसमध्ये बसले, आणि एक स्टॉप आधी उतरले.