हिरव्या मोज्यांची तक्रार

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघे रुसल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं टेकली, उरलेली दोन मनोमन टेकली असं समज). तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला अजून सगळी इमारत जागी करतो का?

पत्रास कारण, एक घोर अन्याय. तुझ्या पार्सलात मोज्यांचे तीन जोड निघाले: करडा, निळा, हिरवा. तिन्ही माझ्या मुलीला. तिला पाय दोनच आहेत, हे मी जन्मदिवशीच मोजून घेतलं होतं. आणि ज्याच्या मोज्यातून अंगठा जगाकडे बघतो, त्या बापाला काही नाही!

तू म्हणशील, तिघींना तीन. ठाऊक आहे. "मी एकटी नाहीये, आम्ही तिघी आहोत, थोरली, मधली आणि धाकटी," हे तिनं आधी तुला सांगितलं, मग मला. तू विचारलंस, "बरं, धाकटीला काय आवडतं?" मी पाऊण तास व्याख्यान दिलं. (एकाचं अनेक झालं म्हणून सृष्टी झाली, हे लहानपणी गुरुजींपुढे डोळे मिटून घोकलेला माणूस मी. पण ते आपल्याच स्वयंपाकघरात कुणी म्हणालं की डोळे वटारले जातात.)

ओट्यावर एक वही असते. तिघी तीत निरोप लिहितात. थोरली कामाचं, मधली याद्या, आणि धाकटी हिरव्या शाईत माझी टिंगल: "परीक्षकबुवा, डावी मिशी उजवीपेक्षा लांब. फेरतपासणी करा." मी उत्तरंही द्यायचो, गंमत म्हणून. (सकाळी चष्म्याआधी वही शोधायचो, तेही गमतीतच धर.)

गेल्या महिन्यात मला अवदसा आठवली. बँकेत पंचवीस वर्षं लोकांच्या सह्या ताडून बघतोय. घरी भिंग आणलं. काने, वेलांट्या, हाताचा दाब, सगळं तपासलं आणि वहीत लाल शाईनं शेरा मारला: "तिन्ही अक्षरं एकाच हाताची." खाली सही, तारीख. शिक्का तेवढा बँकेत राहिला होता.

तिनं वाचलं. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, हात एकच आहे हे आम्हालाही माहीत होतं. तुम्ही नुसतं विचारायचंत ना."

तेव्हापासून माझ्याशी थोरली तेवढी बोलते, तीही काउंटरपलीकडून बोलावं तशी. वही कोरी. आयुष्यातला सर्वांत अचूक शेरा मी स्वतःच्या घरावर मारला.

बाकी क्षेम.

तुझा धाकटा भाऊ
(एकच, खात्री करून घेतली आहे)

ता. क. मला मोजे नकोत. अंगठ्याला हवा मानवते.

आणखी एक ता. क. तिघींना तीन वेगळी पत्रं लिहिशील? तुझं ऐकतील. वहीत मी "चुकलो" असं लिहून आठ दिवस झाले. करडे मोजे वापरात आहेत, निळे कधीमधी दोरीवर दिसतात. हिरवे अजून पिशवीतच आहेत. ताई, जी नाहीच असं मी सहीनिशी लिहून दिलं, तिची रोज वाट बघतो. ती परत आली नाही तर काय करू, ते मला कळत नाही.