मातीतल्या गाठी

फ्रीगंज, उज्जैन
२४ फेब्रुवारी २०२५

चि. केतकी,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. माझा गुडघा त्याच्या मर्जीने चालतो, बाबांचं बीपी आटोक्यात आहे. थंडी सरली, पण स्वेटर अजून माळ्यावर टाकले नाहीत.

तू पाठवलेला फोटो पाहिला. तुमच्या तिकडच्या, परदेशातल्या त्या मोठ्या झाडाखाली गवतसुद्धा धरत नव्हतं ना? आता सगळी जमीन पिवळी! केदारने लावलेली मूठभर सेलंडाइनची रोपं एवढी पसरली. पाहून बरं वाटलं आणि वाईटही.

आमच्याकडे काही राहिलं नाही. तुला सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवाळीला तो मोज्यात गुंडाळून सेलंडाइनच्या मुळांच्या गाठी घेऊन आला आणि मागच्या भिंतीशी, सावलीत लावून गेला. वसंत पंचमीच्या सुमाराला फुलं आली. चैत्रात पानांसकट सगळं नाहीसं झालं, आणि त्याच चैत्रात आपला केदारही गेला. "पानं गेली की पाणी बंद करा. गाठी खाली झोपतात, थंडीत उठतात," असं त्याने फोनवर बजावलं होतं. पण राम घाटावरचं क्रियाकर्म सगळं आटोपून आलो आणि दुसऱ्याच दिवशी बाबा बादली घेऊन तिथे. "बेटा लावून गेलाय, अन् मी भर गर्मीत यांना प्यासं ठेवू?" अख्खा उन्हाळा पाणी घातलं. हिवाळ्यात काही उगवेना म्हणून मी उकरून पाहिलं. गाठी केव्हाच सडल्या होत्या. ते अजूनही पाणी घालतात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इतके दिवस टाळलं. तुला आईवडील नाहीत, म्हणून पुण्यात राजसशी लग्न लागताना कन्यादान बाबांनी करावं, असं तू विचारलंस. राजसचा फोटो पाहिला. मुलगा चांगला दिसतो. खोटं कशाला बोलू, केदारशी ठरलेलं तुझं लग्न आठवलं आणि आधी मला त्याचा रागच आला. मग पोळ्या लाटता लाटता खूप रडले.

बाबा नाही म्हणतात. "ती केदारची अमानत आहे. दुसऱ्याची चीज मी कशी देऊन टाकू?"

मी म्हटलं, "अमानत काय? पोरगी आहे ती, जितीजागती!" ते उठले आणि बादली भरायला गेले. त्यांच्यावर रागावू नकोस. तुझ्यावर त्यांचा जीव आहे, पण त्यांना हे जमणार नाही.

मी येते. पुण्याला, एकटी. कन्यादान मीच करीन. भटजी नाही म्हणाले तर दुसरे भटजी बघ. हळदही मीच लावीन. फक्त अंतरपाट दूर होईल तेव्हा माझ्याकडे पाहू नकोस. समोर उभा असलेला मुलगा माझा नसेल, आणि मला रडू आवरणार नाही.

वधूपक्षाकडून,
तुझी आई