बाबांनी पास केलेली गाडी

गुरुवार, दि. १४

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल. आम्हीही मजेत आहोत, असं पत्राच्या पहिल्या ओळींत लिहावं लागतं म्हणून लिहिलं. इथून पुढे खरं लिहायचा विचार आहे, जमेल तितकं.

आम्ही रविवारी येत नाही. गाडी बंद पडली. तुला एवढंच कळवायचं, असं बाबांनी बजावलंय. एवढंच कळवायचं तर फोन पुरला असता. तुझा भाऊ कागद-पेन घेऊन बसला म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे तू ओळखलंच असशील.

गाडीचा हट्ट त्यांचाच. तुझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, तुझ्या लेकीचे दुधाचे दात पडून नवे आले, तरी "तिच्या दारात पाय ठेवणार नाही" हे पालुपद चालूच होतं. मग दोन महिन्यांपूर्वी जेवता जेवता म्हणाले, "एक गाडी बघ. जुनी चालेल. जन्मभर लोकांच्या गाड्यांखाली झोपलो, लेकीच्या दारात निदान गाडीतून उतरेन." बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे. अकरा वर्षांचा राग गिळायला चार चाकं लागत असतील तर लागू देत, म्हटलं.

जुन्या गाड्यांचं ते शोरूम तू बघायला हवं होतंस. तिथली प्रत्येक गाडी म्हणे कुणा वयस्कर डॉक्टरची, फक्त सुट्टीच्या दिवशी चालवलेली. जगात एवढे डॉक्टर असते तर कुणी आजारी पडलं नसतं. सेल्समन गोड. मला 'सर', बाबांना 'आजोबा', आणि गाडीला चक्क 'ही'. दोनशे मुद्द्यांची तपासणी झाल्याचा कागद त्याने दाखवला. दोनशे खुणा, एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या. मी शाळेत भूगोल शिकवतो. गाडी कुठे थांबली ते मी सांगू शकतो, का थांबली ते नाही.

पण आपल्याकडे बाबांचा कान होता. आपल्या घरात त्या कानाशिवाय कधी काही आलंय का? पंखा, आईचं शिलाई मशीन, तुझी सायकलसुद्धा. बाबांनी कान लावायचा, डोळे मिटायचे, मग 'घ्या' किंवा 'नको'. त्यावर अपील नाही.

त्यांनी खिशातून तो लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक इंजिनवर, मूठ कानाशी. सेल्समनने गाडी सुरू केली. ताई, आत कुणीतरी कोंडल्यासारखं दार ठोठावत होतं. टक, टक, टक. भूगोलाच्या मास्तरला ऐकू येत होतं, पलीकडे फरशी पुसणाऱ्या बाईने मान वळवून पाहिलं. बाबा डोळे मिटून उभे. चेहऱ्यावर असं समाधान, की मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "घड्याळ आहे, घड्याळ," म्हणाले.

सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. आम्हा दोघांना एकाच क्षणी कळलं आणि दोघंही गप्प बसलो. तो धंद्यासाठी, मी बापासाठी. गाडीसोबत फोटो काढला, कागदांवर सह्या झाल्या.

नवव्या दिवशी पुलाच्या मधोमध इंजिन जाम झालं. मागे हॉर्नचा कल्लोळ. बाबा शांतपणे म्हणाले, "रस्त्याला आज गर्दी नाही फारशी."

शोरूममध्ये गेलो, तर गोड सेल्समन रजेवर. मॅनेजरने फाईल काढली आणि एक कागद आमच्यापुढे सरकवला. 'ग्राहकाच्या माहितगार माणसाने इंजिन तपासून पसंत केले.' खाली बाबांची सही, पुढे ऐटीत लिहिलेलं 'मिस्त्री'. हमीपत्रात इंजिन बसत नाही. सीटचं कापड बसतं. मग वाद झाला. वादात कुणीतरी बाबांना लागेल असं बोललं. तेव्हापासून ते असे आहेत.

असे म्हणजे कसे, तेही लिहितो. कोपऱ्यावरच्या गॅरेजात दुपारी जाऊन बसायचे, ते बंद. हत्यारांची पेटी त्याच गॅरेजवाल्याला देऊन टाकली. तो नको म्हणत होता, त्याच्या दुकानात ठेवून निघून आले. तुझ्या लेकीसाठी घेतलेली रंगपेटी कपाटात वर ढकलली. गाडी इमारतीखाली उभी आहे, कुणी घेत नाही. ते तिच्याकडे बघतही नाहीत.

कुणीतरी म्हणजे कोण, हे तू विचारशीलच. मी मॅनेजर म्हणून लिहिणार होतो. त्याचं नाव खपलं असतं, इतका तो नालायक आहे. पण तो हळूच बोलला होता, फक्त मला. "आजोबांना ऐकू येत नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का?" बाबांनी माझी बाही ओढली. "काय म्हणतोय?" मी काहीही सांगू शकलो असतो. उद्या या म्हणतोय, चहा घेता का म्हणतोय. त्यांनी परत विचारलं, "अरे, काय म्हणतोय तो?" आणि तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्या मॅनेजरवरचा, गाडीवरचा, माझ्या स्वतःच्या गप्प बसण्यावरचा सगळा राग मी त्यांच्या कानात ओतला. "तुम्ही बहिरे आहात म्हणतोय!" शोरूममधली सगळी माणसं वळली. ते एक वाक्य तेवढं त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू गेलं.

आता उरलेलंही सांगून टाकतो. हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. गेल्या वर्षी तू फोनवर रडलीस, माफी मागितलीस, आणि ते "बरं बरं, ठेवतो" म्हणाले. तू महिनाभर फोन केला नाहीस. तो त्यांचा राग नव्हता, ताई. त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. फोन ठेवून मला म्हणाले, "खुशाल आहे." मी तुला सांगितलं नाही, कारण राग कधीतरी उतरतो अशी तुला आशा होती. मी रागच राहू दिला.

शोरूमच्या त्या प्रकारानंतर त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं. डॉक्टर म्हणाले, दहा वर्षं आधी यायला हवं होतं. आता गोंगाट ऐकू येईल, शब्द नाहीत. दोन दिवस लावून त्यांनी ते काढून ठेवलं.

काल मी पाटीवर लिहून विचारलं, ताईला इकडेच बोलावू का? बराच वेळ वाचत बसले. मग, हल्ली बोलतात तसं, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "येऊन काय करेल? बोलेल. आणि मी?"

मी पाटी पुसली. तू ये किंवा येऊ नकोस, यातलं काही मी तुला लिहू शकत नाही. तेवढा अधिकार मी त्या शोरूममध्ये घालवला.

लेकीला आशीर्वाद. भावोजींना नमस्कार.

दोनदा गप्प बसलेला आणि नको तिथे ओरडलेला,
तुझा धाकटा