नऊ कुठून आले?

यवतमाळ, ३० जून २०२४

तीर्थरूप याडीस,
शि. सा. न. वि. वि.

होस्टेलात मोबाईल ठेवू देत नाहीत, म्हणून हे पत्र. तुझ्या पुरवणी परीक्षेला जेमतेम दोन आठवडे उरलेत. लग्नाआधी दहावीच्या गणितात राहिलीस, यंदा मार्चमध्येही गणितानंच अडवलं. या खेपेस राहिले तर पुस्तकं रद्दीत, असं तू मला बसमध्ये बसवताना म्हणालीस. मला ते खुपतंय.

म्हणून वर्गसमीकरण पायरी-पायरीनं लिहिते. x² + ६x = १६. सहाचे अर्धे तीन, तिनाचा वर्ग नऊ. दोन्हीकडे नऊ मिळव. डावीकडे (x + ३)² होतं, उजवीकडे पंचवीस. पंचविसाचं वर्गमूळ पाच किंवा उणे पाच. म्हणून x = २ किंवा x = −८. रोज पाच उदाहरणं कर. बापूंना नमस्कार.

तुझी लेक आणि तूर्तास मास्तरीण,
ममता

तांडा, आर्णी, ६ जुलै २०२४

चि. ममताले याडीचे आशीर्वाद.

मास्तरीणबाई, पायऱ्या पाठ झाल्या. पण नऊ कायले मिळवाचे? कुठून आले ते? तुह्या बापूले विचारलं, तर ते म्हणाले, पुस्तकात हाये म्हंजे मिळवाचे. मले नाही पटलं.

काल निंदणावरून आली अन् गोधडीची चिंध्यांची पिशवी उपडी केली. एक चौरस तुकडा अंथरला. त्याची बाजू माहीत नाही, तोच x. त्याच्या बाजूएवढी लांब, सहा वीत रुंद पट्टी घेतली, तेच ६x. ती मधातून फाडली, तीन-तीन वितीच्या दोन झाल्या. एक उजवीकडे लावली, एक खालतं. अन् पोरी, कोपरा रिकामा राह्यला! तीन वीत इकडून, तीन वीत तिकडून. नऊ! तेवढं ठिगळ लावलं का मोठा चौरस पुरा. मी तशीच पाहत राह्यली. बेसन करपलं तरी उठली नाही.

पण उणे आठ वितीचा कपडा कुठं भेटते, ते कळव. जेवत जा.

तुही याडी,
बिजलीबाई

यवतमाळ, १० जुलै २०२४

तीर्थरूप याडीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. मला दहावीत गणितात ब्याण्णव होते. शेकडो वेळा नऊ मिळवले असतील, पण कुठून येतात हे कधी विचारलं नाही. गणिताच्या सरांना दाखवलं. त्यांनी फळ्यावर तुझे तुकडे काढले आणि सांगितलं, बाराशे वर्षांपूर्वी बगदादमधल्या एका विद्वानानं हाच कोपरा भरून दाखवला होता. त्याचं पुस्तक तू पाहिलेलं नाहीस, याडी! अंगावर काटा आला.

उणे आठाचा कपडा मिळत नाही. पण समीकरणात घालून बघ: चौसष्टातून अठ्ठेचाळीस गेले, सोळाच उरतात. म्हणून उत्तरं दोन्ही लिही. लांबी विचारली तरच उणे सोड.

तुझ्या लेकीचा जीव तुझ्या पेपरात अडकलाय,
ममता

तांडा, २४ ऑगस्ट २०२४

चि. ममताले आशीर्वाद.

निकाल लागला. गणितात त्रेपन्न. पास झाली.

पेपरात x² + १०x = २४ होतं. बाजूले चौरस काढला, पाच-पाचच्या पट्ट्या लावल्या, दोन्ही उत्तरं लिहिली. पण केंद्राबाहेर आली अन् निंबाखाली बसून खूप रडली. आपल्या तांड्यातली भुरीबाई सोबत होती, तिले वाटलं पेपर गेला. तिले काय सांगू? वीस वर्ष मी समजून राह्यली होती का मी ढ हावो. ढ नव्हती वं. नऊ काहून मिळवाचे, ते मले कोणी सांगितलंच नव्हतं.

माया असू दे,
याडी